कॉलेजातला सुका कचरा नेमका कुठं खराब होतोय? नकाशा करतोय, मदत पाहिजे

टीवाय_भूगोल:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात टीवायला आहे, विषय भूगोल. आमच्या आवारात हिरवे-निळे जोडीचे डबे (हिरवा ओल्याला, निळा सुक्याला) बसवून बरेच दिवस झाले, वर चित्रं चिकटवलीत, नवीन पोरांना दरवर्षी माहिती पण देतात, तरी निळ्या डब्यातला माल घ्यायला भंगारवाला तयार नाही. तो सरळ म्हणतो, पुठ्ठा ओला, बाटलीत पाणी, कागदाला तेल, हे निवडायला माणूस लावला तर मला काय सुटणार. मग तो सगळा माल ओल्या कचऱ्याबरोबरच टिपरमधनं, म्हणजे कचरागाडीतनं, जातो आणि डबे दोन ठेवले काय आन एक ठेवला काय, सारखंच.

तर एनएसएसची पोरं आणि आम्ही भूगोलवाले मिळून ठरवलंय की आवारातल्या प्रत्येक निळ्या डब्यात चुकीचा माल किती आणि कसला पडतोय ते मोजायचं आणि नकाशावर टाकायचं. सुरवात म्हणून नुसते डबे उघडून बघितले. कँटीन, झेरॉक्सचं दुकान, लायब्ररीचा जिना, जिमखाना, दोन्ही होस्टेलं. प्रत्येक जागेचा कचरा वेगळा.

झेरॉक्सजवळच्या डब्याचं सांगतो कारण ते बघून लैच वाईट वाटलं. आत फुकट गेलेल्या प्रिंटांचा जाड गठ्ठा होता, एका बाजूला कोरी पानं, एकदम पांढरा कागद, रद्दीत सगळ्यात चांगला भाव असलेला. त्यावर कुणीतरी चहाचा कागदी कप ठेवून दिलेला, कप आडवा झालेला, तळातला घोटभर चहा गठ्ठ्याच्या मधल्या थरापर्यंत मुरलेला. वरचं पान सोलायला गेलं की खालची चार-पाच बरोबर येत होती, कडा तपकिरी, आणि साखरेमुळं मुंग्या आत शिरलेल्या. एका घोटानं अख्खा गठ्ठा गेला.

प्रश्न असे की मोजायचं कसं, वजनावर की नगावर, नकाशावर कसं दाखवायचं, आणि दाखवून झाल्यावर कुणापुढं न्यायचं. कुणी असं काम केलं असेल तर सांगा प्लीज.

मंगळवार_पेठ:

वाचतोय. भारी विषय काढलास भावा.

शिरोली_नाका:

मी प्लास्टिकच्या धंद्यात आहे, जुना माल वितळवून परत वापरायचा दाणा काढतो. मोजायच्या आधी एक ठरवा, चुकीचा माल म्हणजे नेमकं काय. तुम्हाला उष्टं म्हणजे घाण वाटते, ते बरोबरच आहे, पण आमच्याकडं उष्टं निदान धुऊन जातं, पाणी जास्त लागतं, खर्च वाढतो, भाव कमी मिळतो, पण जातं. पेटच्या (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांच्या गठ्ठ्यात पीव्हीसी (पाइपाचं प्लास्टिक) आलं की ते धुऊन जात नाही. बाटल्यांचा चुरा पाण्यात सोडला की टोपणं वर तरंगतात, ती पीपी नाहीतर एचडीपीई या वेगळ्या प्लास्टिकची, पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळं ती आपोआप वेगळी होतात, टोपणासकट बाटली आली तरी फार बिघडत नाही. पण पेट बुडतं आणि पीव्हीसी पण बुडतं, दोघांची घनता १.३ ते १.४ च्या आसपास, पाण्याला त्यांच्यातला फरक कळत नाही. मग ते दोन्ही एकत्र गरम होतं. पेट वितळतं २५०-२६० डिग्रीला, पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी सडायला लागतं, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात, मशीन आतनं गंजते. थोडंसं पीव्हीसी पण पुरतं एवढं करायला.

आता तुम्ही म्हणाल कॉलेजात पीव्हीसी कुठनं येणार. जुनी आयकार्डं, गॅदरिंगचे फ्लेक्स, गोळ्यांची पाकिटं, होस्टेलच्या दुरुस्तीतले पाइपाचे तुकडे, काही बाटल्यांवरचं आवळून बसवलेलं छापील वेष्टन. हे सगळं निळ्या डब्यात पडतं कारण ते सुकं आहे. टाकणाऱ्या पोरानं नियम पाळलेलाच असतो, तरी माल खराब.

म्हणून माझं म्हणणं, फॉर्ममध्ये नुसतं "चुकीचा" असा एकच रकाना ठेवू नका. पातळ पदार्थ वेगळा लिहा. तेल आणि खरकटं वेगळं. ज्याला आपल्याकडं गिऱ्हाईकच नाही ते वेगळं, म्हणजे वेफर्सची चकचकीत पाकिटं (प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकाला चिकटलेला, तो कोण सोडवणार), थर्माकोल, टिश्यू. आणि प्लास्टिकात प्लास्टिक मिसळलेलं ते वेगळं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, एकाच आकड्यात कोंबलं तर नकाशा बघून काय करायचं तेच कळणार नाही.

टीवाय_भूगोल:

दादा हे फारच उपयोगी आहे, आयकार्डाचं तर डोक्यात पण आलं नव्हतं. कागदी कप कशात धरायचे? पोरं म्हणतात कागद आहे म्हणजे सुका.

शिरोली_नाका:

कागदात धरू नका. आतनं पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. कागदाच्या गिरणीत माल पाण्यात घुसळून लगदा करतात, तिथं हा थर कागदाला सोडत नाही लवकर, साध्या गिरण्या घेतच नाहीत. ज्यूसची खोकी तशीच, त्यात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ती वेगळी गोळा करून वेगळ्या गिरणीला दिली तरच उपयोग. आणि तेलाचं पण ध्यानात ठेवा, तेल पाण्यात विरघळत नाही, लगद्यात तसंच राहतं आणि नवीन कागदावर डाग उठतात. कट वड्याची एक प्लेट पुठ्ठ्यात गेली की तो पुठ्ठा गेला.

अक्षांश_रेखांश:

मी जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करते, माहेर राजारामपुरी, सध्या पुण्यात. मनापासून आवडलं हे. पण नकाशा करताना पहिल्याच पावलाला सगळे करतात ते करू नका, लाल-पिवळा हीटमॅप. तो दिसायला छान दिसतो आणि तुमच्या कामाला निरुपयोगी आहे. कारण कचरा डब्यात असतो, दोन डब्यांच्या मधल्या लॉनवर नसतो. हीटमॅप मधली जागा पण रंगवून टाकतो. आणि नुसतं चुकीच्या मालाचं वजन टाकलंत तर कँटीन लालभडक होईल, त्यातनं एवढंच कळेल की कँटीनला गर्दी असते. ते नकाशा न काढता पण माहिती आहे.

त्यापेक्षा प्रत्येक डब्याला एक गोल. गोलाचा आकार म्हणजे डब्यातला एकूण माल, रंग म्हणजे त्यातला चुकीचा वाटा. मग मोठा आणि फिकट गोल म्हणजे भरपूर माल आणि स्वच्छ, त्याला हात लावू नका, तिथं काय बरोबर चाललंय ते शिका. मोठा आणि गडद, तिथं आधी जा. छोट्या गोलांवर विश्वास ठेवताना सांभाळून. समजा एका डब्यात सगळं मिळून २०० ग्रॅम आहे आणि त्यात एक अर्धी भरलेली पाण्याची बाटली, की वाटा एकदम वर जातो, त्या डब्याचा काही दोष नसताना. अशा डब्यांचे बऱ्याच वेळचे आकडे एकत्र करून मगच रंग द्या.

मोबाइलच्या जीपीएसवर डबे टिपू नका. उघड्यावर फोन साधारण पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो, इमारतीच्या भिंतीजवळ आणि जिन्यात तो कुठंही दाखवतो, आणि तुमचे निम्मे डबे तिथंच असणार. प्रत्येक डब्याला नंबर द्या, ऑइल पेंटनं लिहा, ओपनस्ट्रीटमॅपवर (इंटरनेटवरचा फुकट नकाशा) इमारतींचे आराखडे असतील तर ते घ्या, नसतील तर आधी तुम्हीच काढा, भूगोलवाले आहात, आणि त्यावर नंबर हातानं बसवा. मजला लिहायला विसरू नका, नाहीतर तळमजला आणि तिसरा मजला एकाच ठिपक्यावर येतील. माहिती भरायला कोबोटूलबॉक्स घ्या, रेंज नसली तरी फोनमध्ये फॉर्म भरता येतो, नकाशाला क्यूजीआयएस, दोन्ही फुकट.

मोजायचं वजनावर, पण अख्खा डबा निवडत बसू नका, माणसं थकतात आणि शेवटी शेवटी काहीही लिहितात. ताडपत्रीवर ओता, नीट कालवा, ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन बाजूला काढा, उरलेले दोन पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. हाताला झेपेल एवढा राहिला की निवडून काट्यावर तोला. ही जुनी आणि सगळीकडं मान्य असलेली पद्धत आहे. सगळे डबे झाडलोट व्हायच्या आधीच्या एकाच वेळेला मोजा, परीक्षेचे दिवस आणि गॅदरिंगचे दिवस वेगळे ठेवा.

जुना_जिमखाना:

एवढं सगळं कशाला पण? कॅमेरे आहेत आवारात, चुकीचं टाकणाऱ्याला दंड करा, दोन आठवड्यात सरळ होतील. आमच्या वेळी एका सरांचा आवाज पुरायचा.

अक्षांश_रेखांश:

दंड करायला चूक कुणाची ते ठरायला पाहिजे ना. वर शिरोलीवाल्या दादांनी सांगितलं तसं, आयकार्ड निळ्या डब्यात टाकणाऱ्या पोराला कशाचा दंड लावणार? त्यानं सांगितलं तसंच केलंय. नकाशा माणूस पकडायला नसतो, जागा ओळखायला असतो.

लायब्ररी_जिना:

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला आहे (वरच्या कॉलेजात नाही). एक बघितलंय ते सांगतो. आमच्याकडं आत खायला बंदी, त्यामुळं पोरं दारात येऊन हातातलं जे काय असेल ते पहिल्या दिसेल त्या डब्यात टाकतात आणि आत पळतात. अर्धा प्यालेला चहा, चावून ठेवलेला वडा, सगळं. दारात डबा एकच होता, निळा. हिरवा जिन्याच्या पलीकडं, वळणावर. आता तिथं उभं राहून कोण वळणापर्यंत जाणार. आम्ही हिरवा उचलून निळ्याला चिकटून ठेवला, बाकी काही केलं नाही, निळ्यातला माल डोळ्याला दिसेल इतका सुधारला. तुमच्या नकाशात "जोडीचा डबा किती पावलांवर" असा रकाना घाला असं सुचवतो.

होस्टेल_खोली:

आम्ही पोरी होस्टेलला राहतो त्यांचं पण ऐका. आमच्या मजल्यावर सॅनिटरी पॅडसाठी वेगळा डबा नाही, बाथरूमच्या बाहेर निळा आणि हिरवा एवढेच. मग पॅड कुठं जाणार? पेपरात गुंडाळून निळ्यात. निवडणाऱ्या मावशींना ते हातानं काढावं लागतं, बघवत नाही. मोजायला येणाऱ्या पोरांनी इथला डबा ताडपत्रीवर ओतू नये, एक तर ते बरोबर नाही आणि आम्हालाही ते आवडणार नाही. होस्टेलचं सर्वेक्षण पोरींनाच करू द्या, आणि पॅड न उघडता पुडा म्हणून नुसता मोजा.

२०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की पॅड नीट गुंडाळून द्यायचं. द्यायचं कशात, ते कॉलेजनं द्यायला पाहिजे ना.

टीवाय_भूगोल:

ताई पूर्ण मान्य. आमच्या टीममध्ये मुली आहेत, होस्टेलचा भाग त्याच करतील. आणि वेगळ्या डब्याची मागणी नकाशा होईपर्यंत थांबवत नाही, ती या आठवड्यातच अर्जात घालतो.

कसबा_बावडा:

मी सफाई खात्यात मुकादम म्हणून काम केलेलं आहे, आता रिटायर. पोरांनो काम चांगलं करताय. पण तुमचा नकाशा डब्यापाशी थांबतोय. डब्याच्या पुढं काय होतं ते बघा.

सकाळी मावशी येतात, त्यांच्याकडं एकच ढकलगाडी. हिरव्यातली पिशवी खाली, निळ्यातली वर. गाडी खड्ड्यातनं गेली की खालची पिशवी फुटते, आमटीचं पाणी वरच्या पिशवीला. मग गेटजवळच्या कोंडाळ्यात दोन्ही. मग टिपर. टिपरला ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असले तरी तिथपर्यंत येईस्तोवर माल एक झालेला असतो. तुम्ही डब्यात मोजलं तर सुका बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल, गेटवर मोजलं तर घाण दिसेल, आणि मधल्या मधे झालेलं पोरांच्या नावावर खपवलं जाईल. म्हणून दोन ठिकाणी मोजा, डब्यात आणि गेटवर. फरक येईल तेवढा वाहतुकीतला.

आणि नियमाचं म्हणाल तर २०१६ च्या नियमांत रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्था मोठ्या कचरा उत्पादकात धरल्या होत्या, त्यात कॉलेजं, विद्यापीठं, होस्टेलं सगळी यायची. ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारानं ओला कचरा जमेल तितका आतच जिरवायचा, असं त्यात होतं. ओला आतच जिरला तर गाडीत ओली पिशवी राहतच नाही, अर्धं दुखणं तिथंच गेलं. बावड्याच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्या माणसांना विचारा, उन्हाळ्यात धूर आणि पावसात वास काय असतो. शहरातनं मिसळून आलेला प्रत्येक टिपर त्यात भर घालतो.

मंगळवार_पेठ:

मामा, एक नंबर बोललात. गेटवर मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पन्हाळा_पाऊस:

वजनावर मोजताय तर पावसाळ्याचं बघा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या डब्यात पाणी साठतंच, झाकण असलं तरी. पुठ्ठा पाणी पिऊन जड होतो, प्लास्टिक तसंच राहतं, मग सगळे वाटे बदलतात आणि जुलैचा नकाशा फेब्रुवारीच्या नकाशाशी जुळत नाही. पावसाळ्यात नगावर पण मोजा, वजनाबरोबर. आणि कुठले डबे छपराखाली आहेत कुठले उघड्यावर, तो पण रकाना ठेवा. छपराखाली नुसता डबा सरकवला तरी कागद वाचतो, त्याला पोरांना शिकवायची गरजच नाही.

आईची_लेक:

माझी आई एका कॉलेजात झाडलोटीला आहे, बरीच वर्षं. हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या पोरांना डबे उघडायची काय गरज, मला विचारलं असतं तर बसल्या जागी सांगितलं असतं. कुठला डबा मधल्या सुट्टीनंतर जड होतो, कुठल्यात सोमवारी खोक्यांचे पुठ्ठे येतात, कुठल्या डिपार्टमेंटचे लोक बाटल्या रिकाम्या करून टाकतात आणि कुठले नाही, हे सगळं तिला पाठ आहे. पिशवी उचलताना हाताला कळतं तिला, आत पाणी आहे का.

तिचं म्हणणं एवढंच की पोरं चहा डब्यात टाकतात कारण ओतायला जागाच नाही. बेसिन लांब, झाडाच्या बुडात ओतलं की माळी ओरडतो. तिनं स्वतः कँटीनच्या बाहेर जुन्या बादलीवर पीठ चाळायची चाळण ठेवली होती, उरलेला चहा त्यात ओतायचा, कप वेगळा रचायचा. पोरं ओतायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पिशव्या हलक्या झाल्या, गळायच्या बंद झाल्या. मग तपासणीला कुणीतरी येणार होतं म्हणून ती बादली दिसायला बरी नाही असं सांगून उचलायला लावली. परत ठेवायला परवानगी मिळाली नाही.

तुम्ही नकाशा काढताय तर या बायकांना टीममध्ये घ्या. मुलाखत घ्यायची आणि जायचं असं नको, डब्यांचे नंबर ठरवतानाच बसवा त्यांना. आणि मोजायचं काम त्यांच्या ड्युटीच्या वेळेत धरा, वरचं फुकटचं काम म्हणून नको. जाड हातमोजे पण द्या, पातळ निळे मिळतात ते काचेला फाटतात. एनएसएसच्या पोरांना वर्षाला १२० तास भरल्याचं धरून मिळतं, आईला काय मिळणार ते पण अर्जात लिहा.

टीवाय_भूगोल:

ताई, काकूंना आमचा नमस्कार सांगा. हे वाचून टीममध्ये बोललो आणि आराखडाच बदलतोय.

आधी आवारातल्या मावशींबरोबर बसायचं, कोऱ्या नकाशावर त्या बोट ठेवतील तिथं खूण करायची, त्यांच्या वेळेत, प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन. मग मोजणी त्या खुणांपासून सुरू. एकाच नकाशाऐवजी थर वेगळे करतोय, पातळ पदार्थाचा एक, तेल-खरकट्याचा एक, गिऱ्हाईक नसलेल्या मालाचा एक, प्लास्टिकातल्या मिसळीचा एक. डब्यातलं आणि गेटवरचं दोन्ही. आणि ओतायच्या जागा, म्हणजे बेसिन, नळ, सगळं नकाशावर, कारण माझा अंदाज असा की पातळ पदार्थाचा थर आणि बेसिनापासूनचं अंतर हे दोन शेजारी ठेवले की प्राचार्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. बादली परत मागायची झाली तर हातात नकाशा असलेला बरा.

कँटीनवाल्या मामांशी पण बोललो. काचेचे ग्लास ठेवायला ते तयार आहेत, धुवायला माणूस आणि पाण्याची लाइन मिळाली तर. कप विकत घ्यायचा खर्च त्यांनाही नको झालाय.

शिरोली_नाका:

काचेचे ग्लास झाले तर निम्मा नकाशा फिकट होईल बघ. आणि एक, पुठ्ठा, पांढरा कागद, पेट असं वेगवेगळं कोरडं साठवायला एक खोली बघा, पत्र्याची चालेल, ओल नको. थोडा थोडा माल उचलायला कुणी येत नाही, गाडी भरेल इतका साठला की भाव पण मिळतो. आपल्या शहरात कचरावेचक बायकांबरोबर काम करणाऱ्या संस्था आहेत, माल आधी त्यांना विचारा, मग आमच्यासारख्यांना.

जुना_जिमखाना:

दंडाचं मी बोललो होतो, पण बादलीचं वाचून पटलं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतो हे, चाळणीच्या बादल्या आणि हातमोज्यांचे पैसे आम्ही गोळा करू. किती डबे आहेत तेवढं कळवा.

टीवाय_भूगोल:

खूप आभार सर. नंबर टाकून झाले की यादी इथंच देतो. अक्षांश ताई, एकच विचारायचं राहिलं, मावशींनी सांगितलेलं आणि काट्यावर आलेलं जुळलं नाही तर नकाशावर काय दाखवायचं?

अक्षांश_रेखांश:

दोन्ही दाखवा, वेगळ्या खुणेनं. आणि जिथं जुळत नाही त्या डब्याशी पुन्हा वेगळ्या वेळेला जा, कारण बहुतेक वेळा त्या सांगत असतात ते दुपारचं असतं आणि तुम्ही मोजलेलं असतं सकाळचं. फॉर्ममध्ये तारखेबरोबर तास पण येऊ दे. फॉर्म तयार झाला की मला पाठव, मी तपासून देते.